चुलीची कड

चुलीची कड परत कुणीतरी खाल्ली.

तुला सांगायचं दुसरंच होतं. पण आधी हे लिहितो, कारण मी भ्यालो आहे. तुझं तेरावं झाल्यावर शेजारच्या पारूनं चूल नव्यानं लिंपून दिली. तिनं ओल्या हातानं कड अशी गुळगुळीत केली की तू असताना तशी ती मी कधी पाहिली नव्हती. तुझ्या वेळी उजव्या अंगाची कड कायम तुटकी. नखानं टवका काढायचा, पदराआड तोंडात टाकायचा, आणि मी बघितलं की म्हणायचं, "चव बघती." आता तू नाहीस. आणि एका सकाळी राख काढायला बसलो तर त्याच जागी, त्याच उजव्या अंगाला, टवका गेलेला. उंदीर असता तर खाली भुगा पडला असता. खाली काहीच नव्हतं.

मी उठून ओसरीवर आलो.  वाटलं, तू आलीस. खरं सांगतो, आनंद नाही झाला. बायको परत आली म्हणून बरं वाटावं, तर मला घाम फुटला. कारण दहाव्याला नदीवर तू मला कसं ताटकळत ठेवलंस ते मी विसरलेलो नाही. पिंड मांडून बसलोय, कावळे समोरच्या जांभळीवर, आणि एक खाली उतरेना. लोक म्हणाले, बोल काहीतरी, बाईचं मन कशात तरी अडकलंय. मी म्हणालो, गाय विकणार नाही. कावळा हलला नाही. म्हणालो, तुझ्या माहेरच्यांशी भांडण मिटवीन. नाही. मग माझं डोकं फिरलं, ओरडलोच, "अगं, सगूला उपाशी ठिवनार न्हाई! झालं समाधान?" शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडाला शिवला.

सगू म्हणजे आपल्या लेकीची लेक. लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं, आणि ही तान्ही तुझ्या पदरात पडली. आता परकर खोचून चुलीपाशी बसण्याएवढी झाली आहे. तिच्याबद्दल मी कावळ्याच्या साक्षीनं शब्द दिला, आणि इथं चुलीची कड खाल्ली गेली. तू रागावून आलीस असं वाटलं तर माझं काय चुकलं?

हे लिहायला बाईंनी सांगितलं. आपल्या बाई गं, मुंबईच्या बायकांच्या कॉलेजात आहाराचा वर्ग शिकवतात त्या. त्यांच्या वर्गाचा वर्षातून एक अंक निघतो. कोण पोरगी पास झाली, कोण कुठल्या दवाखान्यात लागली, कुणाला मूल झालं, असलं सगळं त्यात छापतात. बाई म्हणाल्या, "आबा, मावशींवर तुम्हीच लिहा. जन्म कधी, लग्न कधी, ते नको." म्हटलं, बरंच झालं, ते ठाऊक कुणाला आहे? मी चौथीतून उठलेला माणूस. बंगल्याच्या शेठला चिठ्ठी धाडण्यापलीकडं लिहिलेलं नाही. म्हणून मी तुझ्याशीच बोलतो. पोरींना वाचायचं तर वाचू देत.

त्या पहिल्यांदा आल्या ते आठव. लढाई चालू होती, लोणावळ्यात रेशनच्या दुकानापुढं माणसं उभी राहायची. मळवलीच्या ज्या बंगल्याची राखण माझ्याकडं, त्याच्या शेठनी कळवलं, थंडीत कॉलेजच्या मुली राहायला येतील, स्वैपाकाला बाई बघ. मी तुला म्हणालो, तूच चल. तू म्हणालीस, "शिकल्यासवरल्या पोरी. त्यास्नी माजं कालवन उतरंल व्हय?" आणि तिथं गेल्यावर कळलं की त्या जेवणाचंच शिकतात, तेव्हा पदर तोंडाला लावून एवढी हसलीस की उचकी लागली.

"जेवान शिकाया कॉलेजात? मग मी तर बालिस्टरच की!"

बाईही हसल्या. म्हणाल्या, "बॅरिस्टर मावशी, आज आम्हांला काय घालणार?"

"उडदाचं घुटं. आन हिला दोन घास जादा," तू त्यांतल्या कमळकडं बोट दाखवलंस. "काटकी हाय निस्ती. हिच्या हातचं औषध कोन घेईल?"

त्या दिवसापासून त्या तुझ्या पोरी झाल्या. सगळंच काही गोड नव्हतं, उगाच खोटं कशाला लिहू. पहिल्या वर्षी फिलोमिनाला तू चुलीच्या आसपास येऊ दिलं नाहीस, किरिस्ताव म्हणून. ती बिचारी दारातून विचारायची आणि तू पाठमोरी उत्तरं द्यायचीस. दुसऱ्या वर्षी तीच पाट्यावर मसाला वाटत होती आणि तू तिच्या केसांतल्या उवा बघत होतीस. मधे काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही.

शेवग्याच्या पाल्यावरून तर तुमची रोज जुंपायची. बाई म्हणायच्या, पाला खा, डोळ्यांना चांगला, रक्ताला चांगला. तू म्हणायचीस, "पाला शेळ्या खात्यात. आमी शेंगा खातो." मग एक दिवस गुपचूप पाला परतलास आणि मला वाढलास. मी खाल्ला. विचारलंस, "कसं लागलं?" म्हटलं, "शेळीसारकं." तू म्हणालीस, "मग बें करा." पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा पाला व्हायला लागला. मला आणि सगूला. तुला होता की नव्हता, ते मी बघितलं नाही.

आता त्या तोलण्याच्या दिवसावर येतो. यायचं मनात नाही, पण आलंच पाहिजे.

पोरींचं काम असं होतं की आपल्या भाजे गावात घरोघर जायचं आणि एका घरात कोण किती खातं ते काट्यावर तोलून उतरवून घ्यायचं. आपल्या घरी आल्या तेव्हा त्यांचा पितळी काटा बघायला अर्धं गाव दारात. त्यांतली सुशी म्हणाली, "मावशी, आधी भाताचं भगुणं तोलू, मग जेवणं झाल्यावर परत तोलू." तू चुलीपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिलीस.

"भगुनं काट्यावर चडनार न्हाई."

"अहो, पण नुसतं वजन..."

"अन्न मोजलं की बरकत जाती. झाकन उघडायचं ते वाढनारीनं. दुसऱ्या कुनी आत बघायचं बी न्हाई. माजी आय सांगून गेलीया."

"मावशी, शास्त्र म्हणतं..."

"तुजं शास्त्र भाईर काड, चपलांपाशी."

दारातली माणसं खदखदली. सुशीचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे. घरची रीत मोडायला आलो नाही आपण. ताटं तर तोलू द्याल ना, मावशी?"

तुला ते पटलं. ताटात आलेलं अन्न तुझं राहिलं नाही, ते खाणाऱ्याचं झालं, असं काहीतरी तू बोललीस. मग माझं ताट तोललं, सगूचं तोललं. शेवटी तू तुझं वाढून घेतलंस. भाताचा ढीग, तीन भाकऱ्या, वाटीला वर येईल एवढं घुटं, पाल्याची भाजी. मी ओसरीवरून बघितलं आणि मनात म्हटलं, आज बाईला भूक लय.

कमळ काट्यावर वाकून म्हणाली, "मावशींचं ताट तर आबांच्या बरोबरीचं!"

"मंग? मी काय उपाशी मरती व्हय?" तू म्हणालीस.

सगळे हसले. पोरींनी उतरवून घेतलं आणि पुढच्या घरी गेल्या. मीही बंगल्यावर गेलो. तुझ्या बाबतीत मला कधी घोर नव्हता. मी ओसरीवर, तू आत, मधे भिंत. माझं जेवण झालं की मी पान लावत बसायचो आणि आतून भगुण्यात उलथणं फिरल्याचा आवाज यायचा, खर्र खर्र. तो आवाज आला की समजायचं, बाई जेवायला बसली. सगळ्या संसारभर मी त्या आवाजावर पान खाल्लं.

आपलं भांडण एकच होतं आणि ते तुटलं नाही. मी म्हणायचो, माझ्याबरोबर बस. तू म्हणायचीस, वाढायचं कोणी? मी म्हणायचो, भगुणं मधे ठेव, घेऊ हातानं. तू म्हणायचीस, "लोकं म्हनतील, बाई नवऱ्याच्या आदी हात मारती." मी चिडून म्हणायचो, लोक गेले खड्ड्यात. तू म्हणायचीस, "चुलीपाशी बसनारीचं वासानंच पोट भरतं. जावा, गाय हंबरतीया." आणि मी जायचो. गाय खरंच हंबरत असायची.

कमळनं तुला एकदा माती खाताना धरलं. बंगल्याच्या स्वैपाकघरात. मी पाण्याच्या घागरी आत आणत होतो म्हणून ऐकलं.

"मावशी, हे काय तोंडात?"

"काय न्हाई. सवय हाय."

"सवय नाही ही. अंगात रक्त कमी झालं की मातीची वासना होते. आम्हांला शिकवलंय. या उजेडात, डोळ्याखालची पापणी दाखवा."

"लांब हो! पापनी बघाया मी काय बाजारातली म्हस हाय?"

कमळ हसली, तूही हसलीस, मीही हसलो. कमळ म्हणाली, "पुढच्या वर्षी बघणारच." तू म्हणालीस, "पुडच्या वर्षी दात बी मोज."

पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा तू नव्हतीस.

तू गेलीस ती भात झोडताना. गेले दोन पावसाळे तुला चढ चढताना धाप लागत होती. पायावर सूज होती. तोंड धुतलेल्या फडक्यासारखं झालं होतं. मी म्हणायचो, दवाखान्यात चल. तू म्हणायचीस, भात घरात येऊ दे. त्या दिवशी पेंढी खाली ठेवून म्हणालीस, "जरा टेकती," आणि खळ्याच्या कडेला बसलीस. मग उठली नाहीस. आम्ही बैलगाडीत घालून लोणावळ्याला नेलं. डॉक्टरनं तुझी पापणी ओढून बघितली. जी तू कमळला दाखवली नाहीस ती. म्हणाला, हिच्या अंगात रक्तच राहिलेलं नाही, खायला काय घालत होता?

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "तीन भाकऱ्या खानारी बाई हाय ही! कॉलेजच्या पोरींनी काट्यावर तोललंय!"

त्यानं तुझ्या तोंडावरून पदर ओढला. 

आता कडेचं सांगतो. ज्या सकाळी टवका दिसला त्याच दुपारी सगूनं मला वाढलं. नाचणीची भाकरी, भात, कुळथाचं पिठलं. मी जेवलो. हात धुऊन ओसरीवर बसलो, पान काढलं, आणि आतून आवाज आला. खर्र खर्र.

माझ्या हातातलं पान गळालं. तोच आवाज. तीच लय. क्षणभर मला खरंच वाटलं की आत तू बसलीस. उठायचं धाडस होईना. मग कावळा आठवला. मनात म्हटलं, असेल ती तर असेल, तिला तोंडावर विचारू काय पाहिजे. आणि आत गेलो.

आत सगू एकटी होती. भगुण्यावर झाकण, झाकणाच्या फटीतून उलथणं आत, आणि ती ते नुसतंच फिरवत होती. पुढ्यातल्या ताटात अर्धी भाकरी आणि मीठ-मिरची. मी झाकणाला हात घातला तशी ती किंचाळली.

"आबा, उगडू नगा! बरकत जाईल!"

मी उघडलं. सगळ्या जन्मात पहिल्यांदा त्या भगुण्यात बघितलं. आत काही नव्हतं. बुडाला करपलेली खरवड होती, ती पण अर्धी काढलेली.

"जेवलीस?"

"व्हय."

"काय जेवलीस?"

"भात."

"कुटला भात? भगुनं तर पुसून काडल्यागत हाय. तोंड उघड."

जिभेवर तांबडी माती होती.

मी तिला मारणार होतो. हात उचललासुद्धा. पण ती घाबरली नाही, मला समजावायला लागली, जसं आपण अडाण्याला समजावतो तसं. "आबा, आजीनं सांगितलंय. चुलीपाशी बसनारीनं शेवटी जेवायचं. उरंल ते आपलं."

"आन न्हाई उरलं तर?"

"तर उलथनं वाजवायचं. म्हंजे भाईर बसनाऱ्याला वाटतं, जेवतीया. त्याचा घास गोड लागतो."

अगं, मी खालीच बसलो.  मग तिला विचारलं, कॉलेजच्या पोरींनी ताट तोललं त्या दिवशी काय झालं? तिला लख्ख आठवत होतं. म्हणाली, त्या गेल्यावर आजीनं भाकऱ्या परत टोपल्यात टाकल्या, भात परत भगुण्यात ओतला. संध्याकाळी तोच सगूनं आणि मी खाल्ला. "मला म्हनाली, बोलू नगंस. पोरी एवड्या लांबनं आल्यात, त्यास्नी बरं वाटावं. आन आपल्या घराचं नाव उपाशी म्हनून कुटं जायला नगं."

मी तुझ्यावर रागावलो आहे. तू गेलीस म्हणून लोक रडतात, मीही रडतो, पण मला राग आहे तो आहे. घरात अन्न अगदीच नव्हतं असं नाही. रेशनचे दिवस, हात आखडता होता, कबूल. पण तिघांना पुरेल असं वाढता आलं असतं. तू मला वाढलंस, पोरीला वाढलंस, बंगल्यावरच्या पोरींना वाढलंस, आणि स्वतःच्या वाट्याला आवाज घेतलास. बरं, घेतलास तर घेतलास. तो आवाज पोरीला कशाला शिकवलास? तुला काय वाटलं, तू तिला संसार शिकवतेस? तू तिला मरायला शिकवलंस. हे लिहिलंय ते खोडणार नाही.

आणि लगेच दुसरं मनात येतं, की माझी ही हाडं अजून उभी आहेत ती कशावर? तुझ्या वाट्यावर. मग बोलायचं तोंड राहत नाही.

थंडी पडली तशा पोरी आल्या. बाई कमळला आणि नव्या मुलींना घेऊन मळवलीहून चालत भाज्याला आल्या. आल्या त्या तुझं ऐकून रडतच आल्या. आधी मी त्यांना तुझ्या पोरींच्या बातम्या विचारल्या, कारण तू तेच विचारलं असतंस. तर ऐक. फिलू लष्कराच्या दवाखान्यात आहे. जबडे फुटलेल्या शिपायांना काय पाजायचं ते ती ठरवते. तिनं बाईंना लिहिलंय की मावशीचं नाचणीचं आंबील इथं कानडी, पंजाबी सगळे मुकाट्यानं पितात. सुशीचं लग्न झालं, सासरच्यांनी परीक्षेला बसू दिलं नव्हतं. आता मूल कडेवर घेऊन परत बसणार आहे. शास्त्र चपलांपाशी काढायला सांगितलेली ती. कमळ पुण्याच्या दवाखान्यात लागली, आजाऱ्यांच्या स्वैपाकघराची सगळी जबाबदारी तिची. अजून काटकीच आहे. बाईंचे केस पिकले. दोन वर्षांनी सोडीन म्हणतात.

मग मी त्यांना ताटाचं सांगितलं. सगळं, उलथण्यासकट.

कमळ उठून परसात गेली.  बाई म्हणाल्या, "आबा, माझी आईसुद्धा शेवटीच जेवायची. आम्ही भावंडं हाक मारायचो, ती आतून 'जेवतेय' म्हणायची. कधी उठून बघितलं नाही. मलाच कळायला हवं होतं."

मी म्हणालो, "बाई, तुमी पावन्या. मी तर घरातच व्हतो."

त्यांच्या वर्गात आता एक रीत पडली आहे, ती तुझ्यावरून. कुठल्याही घरी तोलायला गेलं की ताट तोलून उठायचं नाही. जिनं रांधलं तिचा हात धुऊन होईपर्यंत तिच्यापाशी चुलीजवळ बसायचं, गप्पा मारत. काटा पिशवीत घालून. नव्या मुलींना बाईंनी हे माझ्यापुढंच सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "आणि त्या हाकलतील तर?" बाई म्हणाल्या, "हाकलू देत. बसून राहायचं." तू त्यांना नक्की हाकललं असतंस. त्या बसल्या असत्या. मग तुला खावं लागलं असतं गं.

कमळ परसातून आली ती डोळे पुसून, आणि सरळ सगूपुढं बसली. "म्हैस नाहीस तू. पण पापणी दाखव." सगूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कमळनं पापणी खाली ओढली आणि मला बोलावलं. "आबा, हे बघा. इथं तांबडं दिसायला हवं." मी बघितलं. चुन्यासारखं पांढरं होतं. कमळ म्हणाली, "मावशींची मी त्याच वर्षी बळजबरीनं बघितली असती तर..." मी म्हटलं, "फुडं बोलू नगंस." 

जंताचं औषध दिलं तिनं, आणि लोखंडाचं काळं औषध, त्यानं दात काळे होतात. रोज पाला, डाळ, आणि पोट भरून भाकरी. महिनाभरात पापणीला रंग आला नाही तर पुण्याला घेऊन या, मी तिथंच आहे, म्हणाली. मी विचारलं, "रंग येतो का पन?" कमळ म्हणाली, "येतो." मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "वेळेवर धरलं तर येतो." वेळेवर म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती झाली नाही.

तेव्हापासून रोज उजाडलं की मी सगूला अंगणात उभी करतो आणि पापणी ओढून बघतो. एक दिवस वाटतं तांबडी झाली. दुसऱ्या दिवशी वाटतं होती तशीच आहे. पारू म्हणाली, "भावजी, रोज वढून वढून पोरीचा डोळा काडाल भाईर." पण मला राहवत नाही. ती पाण्याची कळशी घेऊन चढ चढायला लागली की मी खालून तिचे पाय बघतो, सूज दिसते का. ती दम खायला थांबली की माझा दम जातो. "जरा टेकती" म्हणाली एकदा, नुसतंच, पोरं म्हणतात तसं, आणि मी हातातलं दावं टाकून धावत सुटलो. ती माझ्याकडं बघतच राहिली.

जेवायच्या वेळेची मला धास्ती वाटते. मी आता ओसरीवर बसत नाही. आत, चुलीपुढं बसतो. बाप्यामाणूस चुलीपुढं, गाव हसतं, हसू दे. मी म्हणतो, आधी तू. ती म्हणते, आधी तुमी. भाकरी मधे निवते. पहिल्या दिवशी दोघंही तसंच बसलो, शेवटी गाईला घातली. दुसऱ्या दिवशी मी ओरडलो, ती रडली, दोघांनीही चार घास गिळले. तिच्या मनातून तू जात नाहीस. तुझ्या सांगण्यापुढं माझं आणि कॉलेजचं, दोन्ही उणं पडतं. एवढं वजन होतं तुझ्या शब्दाला, आणि तो कशासाठी खर्च केलास बघ.

आज सकाळी सगू भात चुलीवर ठेवून पाण्याला गेली होती. मी चुलीपाशी बसलो. कड मी स्वतः लिंपतो आता, रोज, अंगठ्यानं सारखी करतो, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. आज ती शाबूत होती. तरी जीव थाऱ्यावर येईना. मनात आलं, यात एवढं होतं तरी काय, की तू भाकरी ठेवून हे खात होतीस? मी नखानं टवका काढला, उजव्या अंगाचा, आणि तोंडात टाकला.

काही नाही गं. धूर आणि माती. चावत राहिलो की आता काहीतरी लागेल. काहीच लागलं नाही. तुला काय सापडत होतं यात?

तेवढ्यात कळशी आदळल्याचा आवाज आला. सगू दारात उभी. तिनं माझं तोंड बघितलं, कड बघितली. आणि तिचा चेहरा असा झाला, जसा माझा त्या दुपारी झाला असेल. पांढराफटक.

"आबा, माती खाताय तुमी? कवापासनं खाताय?"

माझ्या तोंडात चिखल झाला होता.

"थुका! थुका म्हनती न्हवं! कमळताईनं काय सांगितलंय? अंगातलं रगत जातं! तुमी बी गेल्यावर मी कुनाकडं बघायचं?" तिनं माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या, खऱ्या बुक्क्या, आणि मला थुंकायला लावलं, चूळ भरायला लावली. मग तिथंच बसून हमसून हमसून रडली. मला वाटतं तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

मग नाक पुसून उठली. ताटं घेतली, दोन. भाताचं भगुणं चुलीवरून उतरवून दोघांच्या मधे आणून ठेवलं. आणि स्वतःच्या हातानं झाकण काढून भिंतीला उभं केलं.

"बगा. हाय. तुमच्या फुडं जेवती, बगा. पर माती खाऊ नगा."

आणि ती जेवायला लागली. माझ्याआधी. मोठे मोठे घास, माझ्याकडं डोळे वटारून बघत, की मी जेवतो की नाही. मीही जेवलो. तुझी बरकत उघड्या भगुण्यातून उडून गेली असेल तर गेली. माफ कर, नाहीतर नको करूस. पोरगी चावत होती, गिळत होती, मला दिसत होतं. एवढंच आहे माझ्यापाशी, तुला सांगायला.

कमळचा महिना अजून भरायचा आहे. पापणी अजून पांढरी आहे.

ती हात धुवायला परसात गेली तेव्हा मी उलथणं उचललं आणि भगुण्यात घातलं, हळूच, आवाज न करता, पार बुडापर्यंत. उलथण्याला भात लागला, दोघं जेवूनही उरलेला.